ढाळ

आमच्या मळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला साठ फूट लांब नि चाळीस फूट रुंद असा काँक्रीटचा कोबा आहे. वर पत्र्याचं शेड, मधोमध लोखंडी जाळीची नाली. नवा माणूस आला की विचारतो, "टमाट्याचे क्रेट ठेवायला एवढी भारी जमीन कशाला केली?" मी म्हणतो, "टमाट्यासाठी नव्हती केली." मग तो पुढं विचारतो आणि मला सांगावं लागतं, की ही जमीन वाईनसाठी केली होती. माळकऱ्याच्या घरात. एवढं ऐकलं की माणूस सगळं ऐकल्याशिवाय उठत नाही.

आमचा निफाड तालुका द्राक्षाचा. थॉमसनच्या बागा आमच्या वडलांच्या हयातीतच उभ्या राहिल्या. 2001 साली सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झाला, आणि बघता बघता आमच्या गावातही कॅबरने, शिराझ, शेनिन ब्लां ही नावं लोकांच्या तोंडी बसली. मी दहावी पास. मला ती नावं म्हणायलाच महिना लागला. माझा धाकटा भाऊ मात्र शिकलेला, त्यानं वाईनचा लहानसा कोर्सही केला होता. तो म्हणाला, "दादा, द्राक्ष विकून आपण दुसऱ्याच्या भावावर जगतो. स्वतः वाईन केली तर भाव आपला." आम्ही चार भाऊबंद एकत्र आलो. वीस हजार लिटरचं छोटं युनिट करायचं ठरलं. जागा आमची.

पण सातबारा अण्णांच्या नावावर. अण्णा म्हणजे आमचे वडील. गळ्यात तुळशीची माळ, पौषात त्र्यंबकेश्वर आणि आषाढीला निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पायी पंढरपूर. उभ्या जन्मात घरात दारूचा थेंब आला नव्हता. बँकेचे कागद घेऊन आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो. धाकट्यानं सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाला, "अण्णा, सरकारच याला फळप्रक्रिया म्हणतंय."

अण्णा म्हणाले, "सरकारच्या गळ्यात माळ नाही."

आम्ही गप्प. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनीच पेन मागितला. सही करता करता म्हणाले, "दोघं भाऊ एका विचारानं काहीतरी करताय, त्याच्यात मी आडवा यायचो नाही. पण त्या जमिनीवर मी पाय ठेवणार नाही. मला तिकडं बोलवू नका."

सही झाली, कर्ज झालं. पण माझ्या पोटात त्या दिवसापासून एक गोळा बसला तो बसलाच.

2006 च्या फेब्रुवारीत आम्ही दोन-चार वायनऱ्या हिंडून बघितल्या. मला वाटायचं, वाईन म्हणजे टाक्या, यंत्रं आणि बाटल्या. एका ठिकाणी एक म्हातारा कामगार पाईप घेऊन जमीन धूत होता. त्याला मी विचारलं, "बाबा, यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय?" त्यानं हातातला पाईपच जमिनीकडं केला. म्हणाला, "ही. टाकी बदलता येती, पंप बदलता येतो. वर टाक्या बसल्या की जमीन परत करता येत नाही. आणि इथं वाईन करायचं काम कमी, धुवायचं काम जास्त."

ते किती खरं होतं ते पुढं कळलं. द्राक्ष चिरडताना रस सांडतो, साली सांडतात. पाईप काढला की दोन लिटर खाली. टाकी धुवायची, पंप धुवायचा, क्रेट धुवायचे. हा गोड रस जमिनीवर थोडा जरी साचला तरी दोन दिवसांत तिथं बुरशी धरते, चिलटं येतात, आणि तीच चिलटं आंबवणारे जंतू घेऊन टाकीपर्यंत जातात. मग वाईनचा होतो शिरका. म्हणून पाणी सांडलं की ते आपोआप चालू लागलं पाहिजे आणि नालीत जाऊनच थांबलं पाहिजे. एवढंच सोपं काम. पण पाण्याला चालायला लावणं किती अवघड, ते बागाईतदाराला सांगायला नको. आयुष्यभर आम्ही दुसरं काय केलं?

जागेवर काळी माती होती. काळी माती पिकाला आई, पण बांधकामाला सावत्र. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचा कोबा बिस्किटासारखा मोडतो. म्हणून तीन फूट माती काढून टाकली. खाली मुरूम, तोही एकदम नाही. सहा-सहा इंचाचा थर, त्यावर पाणी, त्यावर रोलर, मग पुढचा थर. पाच हजार लिटरची एक टाकी भरली की पाच टनांच्या वर जाते, आणि तो सगळा भार चार पायांवर. दबाई कमी पडली तर पाय खचणार. कडेकोपऱ्यात रोलर जात नव्हता, तिथं आम्ही भावांनी धुम्मस धरला. आठ दिवस हाताला फोड. अण्णा ओट्यावर बसून लांबून बघायचे. बोलायचे नाहीत.

मुरमावर दगडाचं सोलिंग झालं. आता वर काय घालायचं यावर घरात चर्चा सुरू झाली. माझं मत शहाबादी फरशीचं. आमच्याकडं घरोघरी तीच, स्वस्तही पडते. एक भाऊबंद म्हणाला, कोटा घालू, चकचकीत दिसेल. आमची कारभारीण भाकरी थापत होती, ती तिथनंच म्हणाली, "अहो, शहाबादीवर आंबट चालंल का? माझ्या ओट्यावर चिंचेचा कोळ सांडला की पांढरा डाग पडतो, तो घासून जात नाही. खाल्ल्यासारखी होती फरशी."

आम्ही हसलो. धाकटा मात्र हसला नाही. तो उठून स्वयंपाकघरात गेला, ओट्यावरचे डाग बोटानं चाचपून आला आणि म्हणाला, "वहिनी बरोबर बोलतात. शहाबादी काय नि कोटा काय, दोन्ही चुन्याचे दगड. आणि चिंचेत जे आम्ल असतं, टार्टारिक, तेच द्राक्षात असतं. रोज सांडलं तर दोन वर्षांत फरशी खडबडीत होईल." मग दगडाचा विषय संपला. सहा इंच जाडीचं काँक्रीट करायचं, ते पुरतं वाळू द्यायचं, आणि मग त्यावर आम्लाला दाद न देणारा इपॉक्सीचा लेप द्यायचा, असं ठरलं. कारण आम्ल सिमेंटलाही खातंच, सावकाश खातं एवढंच.

आता ढाळ. साठ फुटी लांबीत मधोमध नाली, दोन्ही बाजूंना वीस-वीस फूट. मिस्तरी आमच्याच भागातला, हाताचा चांगला. पण सगळं आयुष्य घरं बांधण्यात गेलेलं. तो म्हणाला, "दहा फुटाला अर्धा इंच ढाळ देतो. आपल्या घराला तेवढाच दिलाय." मी म्हणालो, "मिस्तरी, घरात दिवसातून एकदा फरशी पुसतात. इथं दिवसभर पाईप चालणार. मला दहा फुटाला अडीच इंच पाहिजे."

"अडीच? टाक्या वाकड्या उभ्या राहतील, भाऊ."

"टाकीच्या पायाला खालून पेचाचे बोल्ट असतात, ते कमी-जास्त करू. पाण्याला बोल्ट नाहीत."

तो तयार झाला. वीस फुटाला पाच इंच, म्हणजे भिंतीजवळ पाच इंच वर आणि नालीच्या काठाला शून्य. नालीच्या तळालाही ढाळ हवा. वरच्या टोकाला चार इंच खोल, खालच्या टोकाला अकरा. तळ चौकोनी नाही, गोल, म्हणजे कोपऱ्यात साली अडकत नाहीत. भिंत आणि जमीन मिळते तिथंही काटकोन ठेवायचा नाही, गोलाई द्यायची. खांबाखांबावर खुणा करायला मिस्तरीनं पाण्याची नळी घेतली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन खांबांना लावायची. दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला थांबतं, तिथं पेन्सिलीची खूण. या नळीवर सगळा महाराष्ट्र बांधला गेलाय म्हटलं तरी चालेल. त्या खुणांवर सोलिंगवरचा पहिला पातळ थर, म्हणजे कच्चा कोबा, घालून झाला. दोन दिवसांनी वरचा सहा इंचाचा थर ओतायचा होता. खडी, वाळू येऊन पडली होती. सिमेंटचं पोतं तेव्हा दोनशे रुपयांच्या आसपास होतं. पावणेतीनशे पोती शेडमध्ये रचून ठेवली होती. मिक्सर सांगून ठेवला होता.

त्या पहाटे मी विहिरीवर मोटर बघायला चाललो होतो. अजून नीट उजाडलं नव्हतं. बघतो तर शेडच्या पूर्वेच्या कडेला अण्णा उभे. कोब्याच्या बाहेर, मातीत. हातात पाण्याची कळशी. त्यांनी वाकून कळशी आडवी केली आणि काठावरनंच पाणी आत सोडलं. मग मान खाली घालून बघत राहिले. मी जवळ गेलो. माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे बघ. जाईना."

खरंच जाईना. पाणी हातभर आत गेलं, पसरलं आणि परत भिंतीच्या बाजूला येऊन थाळीएवढं साचलं. अण्णा सरकून पुढच्या खांबापाशी गेले. पुन्हा कळशी ओतली. पुन्हा तेच. तिसऱ्या खांबापाशी मात्र पाणी सापासारखं सरळ नालीकडं पळालं.

"दोन खांबांच्या मधी पोट आलंय," अण्णा म्हणाले. "गोठा बांधला तवा माझं असंच झालं होतं. बैलांचे खूर कुजाय लागले तवा कळलं. डोळ्याला अर्धा इंच दिसत नाही. पाण्याला दिसतो."

आमच्या जुन्या गोठ्याची दगडी फरसबंदी अण्णांनी स्वतः केलेली. मूत नालीनं थेट उकिरड्याच्या खड्ड्यात जायचं, गोठ्यात कधी घाण वास आला नाही. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण ती जमीन म्हणजे एक विद्या आहे हे कधी मनात आलं नव्हतं. मी वायनऱ्या हिंडत बसलो आणि ढाळाचा जाणकार माझ्या ओट्यावर माळ जपत बसला होता.

मिस्तरी आला तेव्हा आधी मानायला तयार नव्हता. नळी लावून दाखवतो म्हणाला. नळी उजेडात धरली आणि तोच गप्प झाला. मधे करंगळीएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. नळीत बुडबुडा असला की पातळी खोटं बोलते. त्या दोन खांबांवरच्या खुणा तीन इंच खाली गेल्या होत्या. भिंतीजवळ पाच इंच वर हवं तिथं दोनच, आणि दहा फुटावर बरोबर अडीच. म्हणजे पाणी उलटं भिंतीकडं. वरचा थर त्याच खुणांवर ओतला असता तर ते पोट कायमचं झालं असतं, आणि त्याच्यावर टाक्या.

मिस्तरीचं तोंड उतरलं. अण्णांनी त्याला ओट्यावर बोलावून चहा पाजला. म्हणाले, "नळी नवी घे बाबा. ही बारा वर्षांची दिसती. आणि पाणी भरताना एका टोकानं सावकाश भर." त्यापेक्षा जास्त एक शब्द नाही. मिस्तरीनं त्या पट्ट्यात भर घालून ढाळ नीट केला, त्याची मजुरी घेतली नाही.

माझ्या मनात आलं, आता अण्णांचा राग गेला. मी म्हणालो, "अण्णा, आत येऊन एकदा नाली बघता का?" ते म्हणाले, "म्हणून तर बाहेरनं ओतलं." आणि निघून गेले.

पण त्या दिवसापासून ते बोलू लागले, बाहेरनंच. धाकटा वर मोठ्या खिडक्या ठेवत होता. अण्णांनी विचारलं, "वाफ कुठनं जाणार?" धाकट्यानं सांगितलं, की रस आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, एक लिटर रसामागं चाळीस-पन्नास लिटर वायू. अण्णा म्हणाले, "तो वर जात नाही रे. तो खाली बसतो. पेवात दाणे तापले की तळाला बसायचा. कंदील सोडल्याबिगर आम्ही पेवात उतरत नव्हतो. कंदील विझला की माणूस उतरवायचा नाही." धाकट्यानं पुस्तकात हे वाचलेलं होतं, पण खिडक्या काढताना ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मग जमिनीलगत चारी भिंतींना जाळीचे झरोके ठेवले आणि नालीच्या शेवटच्या चेंबरवर उघडी जाळी. पहिल्या हंगामात मी त्या चेंबरमध्ये दोरीला बांधून मेणबत्ती सोडली, ती फट्‌कन विझली. माझ्या अंगावर काटा आला. एक सांगतो, दिवा विझला म्हणजे धोका नक्की. पण दिवा जळतोय म्हणून निर्धास्त राहू नये, माणसाला त्याच्या आधीही बाधतं.

वरचा थर एप्रिलच्या शेवटी ओतला. मुरमाच्या वरच्या अंगाला प्लास्टिकचा कागद आधीच अंथरला होता, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही. वाळू काचेच्या बरणीत पाणी घालून हलवून बघितली. वर गाळाचा थर जाड बसला ती गाडी परत पाठवली. दहा-दहा फुटांचे पट्टे करून एकाआड एक ओतले. मजूर पाणी जास्त घालायला बघतात, कारण पातळ माल ओढायला हलका. धाकटा मिक्सरपाशी बादली मोजत उभा राहिला. जास्त पाणी म्हणजे कमी ताकद. वरून गुळगुळीत घोटायचं नाही, नाहीतर ओल्या जमिनीवर माणूस घसरतो. आणि फार खरबरीतही नाही, नाहीतर घाण धरून बसते. मिस्तरीनं मऊ झाडूनं नालीच्या दिशेनं रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी कटर आणून दर दहा फुटांवर दीड इंच खोल काप घेतले. मी म्हणालो, "एवढी चांगली जमीन आणि कापायची?" मिस्तरी म्हणाला, "काँक्रीट तडकणारच, भाऊ. कुठं तडकायचं तेवढं आपण सांगायचं."

मग पाणी. मे महिना, वर ऊन, आणि त्या वर्षी लोडशेडिंग असं की लाईट यायची तर रात्री. काँक्रीटला पहिले पंधरा दिवस तान्ह्या बाळासारखं ओलं ठेवावं लागतं. ढाळावर पाणी ठरत नाही, म्हणून आम्ही मातीचे बांध घालून कांद्यासारखे छोटे छोटे वाफे केले आणि गोणपाट अंथरलं. रात्री एकला लाईट आली की मी उठायचो, वाफे भरायचो. एका रात्री मला जाग आली नाही. दचकून उठलो तेव्हा तीन वाजले होते. पळत गेलो, तर मोटर चालू आणि अण्णा बांधावर बसून पाईप धरून आहेत. पाय बाहेर. एका हातात पाईप, दुसऱ्या हातानं बांधाला टेकलेले. तोंडानं हरिपाठ. मी मागच्या मागं परत गेलो आणि झोपल्याचं सोंग घेतलं. अजूनही कळत नाही, त्या रात्री मी पुढं का झालो नाही.

जून लागेपर्यंत जमीन तयार झाली. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवला, सकाळी खाली दव धरलं नाही तेव्हाच लेपवाल्याला बोलावलं. 2007 च्या जानेवारीत पहिली द्राक्षं चिरडली. पाईप सोडला की पाणी नालीच्या दिशेनं चालू लागायचं, साली, बिया, रस घेऊन. बघत राहावंसं वाटायचं. इतकी वर्षं द्राक्षं केली, पण आपण बांधलेलं काहीतरी आपण म्हणू तसं वागतंय हा आनंद वेगळाच होता.

चूक मात्र झाली, ती नालीच्या तोंडाशी. आत सगळा ढाळ नीट, पण बाहेर पडलेलं पाणी कुठं जाणार याचा विचार आम्ही कच्चा केला होता. एक साधा खड्डा खणला होता. तो महिनाभरात भरला आणि ते आंबट, कॉस्टिक सोड्याचं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं. दीड गुंठा कांदा पिवळा पडला. शेजारी भांडायला आला तेव्हा मी आवाज चढवला. अण्णा ओट्यावरनं उठून आले आणि त्याच्यापुढं हात जोडले. "तुझं नुकसान आम्ही भरू," म्हणाले. तो गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "ढाळ आपल्या दारापुरता बघून चालत नाही." मग तीन कप्प्यांची टाकी बांधली, चुना घालून आंबटपणा मारायचा, गाळ खाली बसवायचा, तेव्हा कुठं ते पाणी आमच्याच बांधावरच्या झाडांना सोडलं.

दोन हंगाम बरे गेले. आमची वाईन फार भारी होती असं म्हणणार नाही, पण प्यायलेले लोक नावं ठेवत नव्हते. मग 2008 ची मंदी आली. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि नाशिक भागात वाईनच्या टाक्या भरलेल्या तशाच राहिल्या. मोठ्यांनी शेतकऱ्यांची द्राक्षं घेणं थांबवलं, तिथं आमच्यासारख्या छोट्यांना कोण विचारतो. लोकांनी कॅबरने, शिराझच्या बागा कुऱ्हाडीनं तोडल्या. आम्ही 2010 पर्यंत ओढलं. मग दोन भाऊबंद वेगळे झाले, टाक्या निम्म्या किमतीत विकल्या. कर्ज राहिलं. ते फेडायला आम्हाला पुढची सहा वर्षं लागली, दीड एकर विकावं लागलं.

टाक्या ट्रकवर चढल्या त्या दिवशी मी ओट्यावर येऊन बसलो. वाटत होतं, आता अण्णा बोलतील. त्यांचा हक्कच होता. त्यांच्या नावची जमीन, त्यांची सही, त्यांची माळ. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "कोब्याला भेग आलीय का?"

"कापाच्या बाहेर कुठं नाही."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि आत निघून गेले.

अण्णा गेले 2013 च्या आषाढात. त्या वर्षी पाय साथ देत नव्हते म्हणून वारी चुकली होती. एकादशी झाली आणि चौथ्या दिवशी पहाटे झोपेतच गेले. तेराव्याला सगळी दिंडी येणार होती, पाच-सहाशे माणूस. आणि पाऊस असा लागलेला की अंगणात पाऊल ठेवलं तर घोट्यापर्यंत चिखल. मांडव टिकेना. शाळेचं छप्पर गळत होतं. गावात एवढी माणसं कोरड्यात बसतील अशी जागा एकच होती.

धाकटा माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं. अण्णांनी जिथं जन्मात पाय ठेवला नाही, तिथं त्यांचं गोडजेवण घालायचं? मी दिंडीच्या वीणेकऱ्यांना विचारायला गेलो. ते अण्णांचे जुने सोबती. मी सगळं खरं सांगितलं, जमीन कशासाठी केली होती तेही, अण्णांचा शब्दही. ते म्हणाले, "तिथं आता काय असतं?"

"टमाट्याचे क्रेट."

"मग ती टमाट्याची जागा आहे. दारूची असती तर मी आलो नसतो. आणि बाबा, ती जमीन तुझ्या बापानं रात्रीचं पाणी देऊन पोसलेली आहे. मला ठाऊक आहे. तो मला सांगायचा."

म्हणजे अण्णांनी वारीच्या वाटेवर ही गोष्ट सोबत्यांना सांगितली होती. मला कधी नाही.

आदल्या रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून जमीन धुतली. भजन तिथंच झालं. पंगती बसल्या, नालीच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत एकाच्याही पानाखाली पाणी आलं नाही. बुंदी, वरण-भात, वांग्याची भाजी. शेवटची पंगत उठेपर्यंत चार वाजले.

सगळे गेल्यावर मी पाईप सोडला. पत्रावळीखालचं शितन्‌शीत, सांडलेलं वरण, पायाचा चिखल, सगळं नालीकडं निघालं. पूर्वेच्या कडेला, त्या दोन खांबांच्या मधे, मी मुद्दाम एक कळशी ओतली. पाणी क्षणभरही न थांबता गेलं. मी ते जाईपर्यंत बघत उभा राहिलो. मग पाईप गुंडाळला, जाळी परत बसवली आणि घराकडं गेलो.